अजिंठ्याचा अंधार आणि पाच ब्रह्मचारी

मंडळी, अजिंठ्यावरून चित्र काढायचं म्हटलं की बहुतेकांच्या कुंचल्यातून पद्मपाणीच, म्हणजे पहिल्या लेण्यातला तो कमळधारी बोधिसत्त्व, उतरतो. हातात कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली. हॉटेलांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर तो इतका दिसतो की आता त्याच्याकडे कुणी धड बघतही नाही. म्हणून आज मी एक असं चित्र घेतलंय, ज्यात बुद्ध नाही, बोधिसत्त्व नाही, जातककथाही नाही. अमृता शेर-गिलचं १९३७ सालचं ‘ब्रह्मचारी’.

१९३६ च्या अखेरीला मुंबईतलं प्रदर्शन आटोपून ती अजिंठा-वेरूळला गेली. वय २३, शिक्षण पॅरिसच्या कलाशाळेतलं. पुढे दक्षिणेत हिंडली, कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं पाहिली, आणि सिमल्याला परतून तीन मोठी चित्रं काढली. ‘ब्रह्मचारी’ त्यांतलं एक. पाच तरुण, एकमेकांना लागून. उघडी अंगं, पांढरी धोतरं, मागे मातकट रंग. कुणी कुणाशी बोलत नाही. घडत तर काहीच नाही.

मग यात अजिंठा कुठे आहे?

पहिल्या लेण्यात शिरताना काय होतं ते आठवा. विहाराला, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्याला, उजेड येतो तो दर्शनी बाजूने. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की भिंतीतून एकेक शरीर पुढे यायला लागतं. त्या शरीरांवर एका ठरावीक बाजूने ऊन पडलेलं नाही, त्यांची सावली जमिनीवर पडत नाही. गोऱ्याला लागून सावळा, सावळ्यामागे गेरू. रंगच रंगाला पुढे ढकलतो. गर्दी असते, पण गलका नसतो. शेर-गिलने उचललं ते हे. तिच्या कॅनव्हासवरही उजेड कुठल्या खिडकीतून येत नाही, तो त्या धोतरांतूनच येतो.

तिच्या आधीही चित्रकार अजिंठ्याला गेले होते. १९०९ ते ११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हालदार गेले. भिंतींसमोर बसून त्यांनी नकला केल्या. कष्टाचं, मोलाचं काम. पण त्यांच्या बंगाल शैलीतल्या पुढच्या अनेकांच्या हाती त्यातून लांब बोटं आणि मिटलेले डोळे एवढंच उरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अमृतालाही ती शैली मानवली नव्हती.

आता एक गंमत सांगतो. निजामाने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. रंगांचे पोपडे सुटत होते, म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. पोपडे थांबले, पण लाख पिवळी पडत गेली. म्हणजे अमृताने पाहिलेल्या भिंतींवर हा थर होता. मूळ चित्रकाराने बाहेरून आलेला लाजवर्दी निळा वापरला, शुभ्र पांढरा वापरला. त्याला असला तपकिरी गूढपणा हवा होता असं मला वाटत नाही. आपण ज्याला लेण्यांचं आध्यात्मिक वातावरण म्हणतो, त्यात थोडी लाखही आहे! तरी त्या थराखालची शांतता खरी, आणि तिला ती नेमकी सापडली.

काही जण म्हणतात, हे सगळं फ्रेंच चित्रकार गोगँचं, अजिंठ्याचं नाव उगाच. गोगँ आहेच. सपाट रंग, ठळक आकार तिने त्याच्याकडून घेतलेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गोगँचा रंग तुम्हाला दूरच्या बेटावर घेऊन जातो. ही पाच माणसं कुठे नेत नाहीत. ती बसलीत, तशी आपल्यालाही बसवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात हे चित्र आहे. जमलं तर आधी अजिंठ्याचं पहिलं लेणं बघा आणि मग तिथे जा. उलट क्रमाने गेलात, तर गोगँवाल्यांचंच तुम्हाला पटेल.