'प्रेसिडेंट'ची वाफ

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतली की पहिली अडचण पैशाची. दुसरी त्याहून बिकट : तिला परत न्यायचं तरी कोणत्या सालात?

इंग्लंडच्या कालव्यांवरची 'प्रेसिडेंट' ही मालवाहू बोट बघा. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या वाहतूक कंपनीनं ती 1909 साली बर्मिंगहॅममधल्या आपल्या गोदीत बांधली. लांबी 71 फूट आणि रुंदी जेमतेम 7 फूट! कारण तिथल्या जुन्या कालव्यांची लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे दरवाजांचे हौद, तेवढीच अरुंद. बाजू रिव्हेट मारलेल्या लोखंडी पत्र्याच्या, तळ एल्मच्या जाड फळ्यांचा. हे लाकूड कायम पाण्यात राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं. ओलं-सुकं होत राहिलं की गेलंच म्हणून समजा.

बाकीच्या बोटी घोडे ओढायचे, तेव्हा ही वाफेवर पळायची. मागे बिनइंजिनाची जोडबोट बांधून लंडन-बर्मिंगहॅम रात्रंदिवस फेऱ्या, पाळीपाळीनं काम करणारे सात-आठ गडी. ऐट मोठी, पण बॉयलर आणि कोळशानंच मालाची जागा खाल्ली, वर माणसांचा पगार. हिशेब बसेना. 1925 मध्ये वाफेचं इंजिन निघालं आणि 15 अश्वशक्तीचं बोलिंडर हे स्वीडिश डिझेल इंजिन आलं. ते सुरू करायचं तर आधी ब्लोलॅम्पनं, म्हणजे जोरदार ज्योत सोडणाऱ्या हातातल्या दिव्यानं, त्याचं डोकं तापवायचं!

1948 मध्ये कालवे सरकारी झाले आणि ही बोट देखभालीच्या कामाला लागली. 1973 मध्ये दोघा हौशी मंडळींना ती सापडली तेव्हा तिची पार रया गेली होती.

आता प्रश्न तोच. वाफेवर ती धावली 16 वर्षं, डिझेलवर त्याहून जास्त. इतिहास काटेकोर पाळायचा तर डिझेलच ठेवायला हवं. शिवाय मूळचं वाफेचं इंजिन केव्हाच गेलेलं. त्यांनी तरी वाफच निवडली, दुसरं इंजिन बसवलं आणि 1978 पर्यंत बोट पुन्हा धूर सोडू लागली. ही थोडी लबाडीच, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. मी मात्र त्या दोघांच्या बाजूचा. जुनी डिझेल इंजिनं तिथल्या कालव्यांवर आजही फटफटताना ऐकू येतात. या कंपनीची वाफेवर चालणारी बोट मात्र ही एवढीच उरली. शिवाय हा बदल पुढं कुणाला उलटा फिरवायचा असेल, तर फिरवता येतोच की!

1983 मध्ये डडलीच्या ब्लॅक कंट्री संग्रहालयानं ती घेतली आणि तिला चालती ठेवण्याचा भार स्वयंसेवकांनी उचलला. तिची जोडबोट 'किल्डेअर' 1913 सालची. अरुंद लॉकमध्ये दोघी एका वेळी मावत नाहीत. 'प्रेसिडेंट' पुढं निघून जाते आणि 'किल्डेअर'ला काठावरून माणसं दोर लावून आत ओढतात.