सर, स्कोअर किती?

(दृश्य: ओलं मैदान. दोन मुलांची टक्कर. एक पडतो, उठतो, माउथगार्ड नीट बसवतो.)

उठला. सरांनी बोटं दाखवली, "किती?" "दोन." बरोबर! टाळ्या पडल्या, खेळ सुरू.

पण बोटं मोजता आली म्हणजे मेंदू शाबूत, असं नसतं. हिसका बसतो तो कवटीच्या आत. रक्त नाही, टेंगूळ नाही, सीटी स्कॅनही बहुतेकदा स्वच्छ येतो. मुलांचं डोकं धडाच्या मानाने जड आणि मान कोवळी. त्यातून पहिल्या माराने हललेला मेंदू सावरण्याआधीच दुसरा मार बसला, तर झपाट्याने सूज येऊन जीवही जाऊ शकतो. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात चौदा वर्षांचा मुलगा असाच गेला. मार लागूनही तो खेळत राहिला होता.

(दृश्य: कडेला ओरडणारे पालक, वॉर्मअप करणारा राखीव खेळाडू.)

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा केला. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी अल्पवयीन खेळाडू बाहेर. वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी दिल्याशिवाय परत यायचं नाही. यातलं मला पटलेलं एकच: निर्णय मुलावर सोडलेला नाही. त्याला विचारलं तर तो काय सांगणार? "काही नाही झालं, सर." सामना रंगात आलाय, आपली जागा घ्यायला दुसरा टपलाय. स्वतःहून कोण बाहेर बसेल?

मग खेळच बंद करायचे? तसं नाही. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, थांबवलं. कॅनडाच्या हॉकी संघटनेने २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटात आइस हॉकीतली अंगावरची धडक बंद केली. खेळ चालूच आहेत. ढोपरं फुटतात, फुटू देत.

(दृश्य: दोरीच्या उड्या मारणारी मुलगी, शेजारी लोंबणारी पंचिंग बॅग.)

बॉक्सिंगचं मात्र वेगळं. तिथे डोक्यावर बसलेला ठोसा हा अपघात नसतो, त्याचे गुण मिळतात. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांच्या बॉक्सिंगला उघड विरोध केला. माझंही मत तेच. बॅगवर हात चालवा, पाय चपळ करा, दमसास वाढवा. समोरच्याच्या डोक्यावर मारायची घाई कशाला?

(दृश्य: पुन्हा पहिलं मैदान. तोच मुलगा, आता बाकावर.)

दहा मिनिटांनी याला बाहेर घेतलं. रागावलाय. "सर, स्कोअर किती?" सरांनी सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा, "सर, स्कोअर किती?" तिसऱ्यांदा त्याने तेच विचारलं, तेव्हा सर उठले आणि गाडीची चावी शोधू लागले.