आधी लाकूड, मग दुधाचा रंग

नमस्कार श्रोतेहो. जुनं कपाट, पेटी किंवा खुर्ची दुधाच्या रंगाने, म्हणजे दुधापासून केलेल्या ‘मिल्क पेंट’ने, रंगवायची ठरली की लक्ष आधी जातं ते रंगछटेकडे. पण हा रंग वर्षानुवर्षं टिकणार की महिन्याभरात पोपडे धरणार, हे ठरतं खालच्या लाकडावर. ऑइलपेंट लाकडाच्या वर थर धरून बसतो. दुधाचा रंग पाण्यासोबत लाकडात मुरतो आणि तिथेच घट्ट होतो. त्याला मुरायला वाट हवी. म्हणून आज मी रंगापेक्षा लाकडाच्या तयारीवर जास्त बोलणार आहे.

या रंगात दुधातलं केसीन हे प्रथिन, विरवलेला (पाणी घालून शमवलेला) चुना, खडूची पूड आणि रंगद्रव्य एवढंच असतं. चुन्यामुळे केसीन विरघळतं आणि चिकट होतं. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होत जातो आणि केसीनही सहजी पाण्यात विरघळेनासं होतं. मुरलेला दुधाचा रंग काढायला नेहमीचं पेंट रिमूव्हर सहसा उपयोगी पडत नाही, ते याचमुळे. तेव्हा निर्णय आधी घ्या. शिसवी किंवा सागवानी वस्तूवरचं लाखेचं पॉलिश नुसतं मंद झालं असेल, तर तिला रंग लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ते पॉलिश पुन्हा उजळता येतं. जिचं पॉलिश पार उडालंय, लाकूड डागाळलंय किंवा तुकडे जोडून दुरुस्ती झालीय, ती वस्तू रंगासाठी योग्य.

आता परीक्षा. वस्तूच्या वरच्या भागावर, बाजूला आणि पायांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. मिनिटाभरात थेंब मुरून तिथे काळपट डाग दिसला, तर लाकूड उघडं आहे. थेंब गोल, टपोरा तसाच राहिला, तर वर व्हार्निश, मेण किंवा तेल आहे. एकाच खुर्चीवर दोन्ही प्रकार सापडतात. हात टेकायची जागा झिजून उघडी पडलेली असते आणि पाठीवर व्हार्निश शाबूत असतं. तिथे सरसकट रंग फासला, तर पाठीचे पोपडे निघणारच.

घासायला बसण्याआधी एक इशारा. वस्तूवर जुना ऑइलपेंट असेल, तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, धूळ फार घातक असते. आधी शिशाची चाचणी करून घ्या.

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण आणि फर्निचरचं पॉलिश उतरवा, मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, शेवटी साध्या पाण्याने. हे न करता थेट घासलं, तर पॉलिश पेपर मेण लाकडाच्या रेषांमध्ये आणखी दाबतो. ढिले सांधे याच टप्प्यावर चिकटवा आणि बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसून घ्या. वाळलेल्या गोंदावर रंग मुरत नाही, तिथे फिका डाग राहतो. लांबी (पुट्टी) भरलेली जागाही रंग वेगळा शोषते, म्हणून भोकापुरतीच भरा.

मग १२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा आणि १५० वर थांबा. त्याहून गुळगुळीत केलं, तर रंगाची पकड कमी होते. नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील, ते २२० च्या पेपरने हलकेच काढा. ही पायरी गाळली, तर तेच तंतू पहिल्या हातानंतर उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. या कामाला स्टील वूल घेऊ नका. त्याचे कण लाकडात अडकले, तर ओलाव्याने गंजतात आणि काळे ठिपके उठतात.

व्हार्निश पूर्ण काढायचं नसेल, तर ते घासून निस्तेज करा आणि पहिल्या हाताच्या रंगात बाँडिंग एजंट, म्हणजे रंगाची पकड वाढवणारं द्रव, मिसळा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा.

तयार पूड मिळते, तिला समान मापाने पाणी लागतं. एक वाटी पूड, एक वाटी कोमट पाणी. आधी अर्ध्याच पाण्यात पूड कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला. जोरजोरात घुसळू नका, फेस होतो आणि त्याचे बुडबुडे लाकडावर उमटतात. १५-२० मिनिटं झाकून ठेवा, मग नायलॉनच्या कापडातून गाळा. खडू तळाशी बसतो, म्हणून काम चालू असताना दर काही मिनिटांनी ढवळत राहा. नाहीतर कपाटाचं एक दार गडद आणि दुसरं फिकं होतं. कालवलेला रंग त्याच दिवशी संपवा.

घरी करायचा असेल, तर १ लिटर साय काढलेलं दूध कोमट करून त्यात ६० मिलिलिटर व्हिनेगर घाला. दूध फुटलं की चोथा गाळून दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण उरलेलं आम्ल चुन्याला मारतं. सुमारे ३० ग्रॅम विरवलेला चुना पाण्यात कालवून त्यात मिसळा आणि ढवळत राहा. चोथ्याचे पांढरे दाणे हळूहळू विरघळतात आणि गुळगुळीत लगदा तयार होतो. दाणे राहिले, तर तो गाळून घ्या. मग खडूची पूड आणि पाण्यात भिजवलेलं रंगद्रव्य घाला. गेरू, पिवडी, काळा लोह ऑक्साइड हे चुन्यात टिकतात, प्रशियन निळा टिकत नाही. कळीचा चुना वापरू नका, तो पाण्यात उकळतो. विरवलेला चुनाही कातडी आणि डोळे जाळतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

पहिला हात पातळच द्या आणि तो डागाळलेला दिसला तरी घाबरू नका. कृत्रिम केसांचा ब्रश घ्या, कडेपासून कडेपर्यंत एका ओढीत न्या आणि सुकू लागलेल्या जागेवर परत फिरवू नका, पट्टे उठतात. सुमारे दोन तासांनी २२० च्या पेपरने हलकं घासून, धूळ पुसून दुसरा हात द्या. फिक्या छटांना तिसरा लागतो.

आता बिघडलेलं ओळखू या. रंग गोल गोल मागे सरकला, तर खाली मेण किंवा सिलिकॉन राहिलंय. पिवळट-तपकिरी डाग फुटले, तर ओक किंवा महोगनीसारख्या लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य वर आलंय. तिथे मेणविरहित लाखेचा एक हात द्या, तो वाळल्यावर हलका घासा आणि पुढच्या रंगात बाँडिंग एजंट घाला. बोटाला पूड लागली, तर पाणी जास्त झालं, किंवा पूड दमट हवेत राहून तिच्यातला चुना निकामी झाला. भेगा पडल्या, तर थर जाड होता.

रंग एक रात्र वाळू द्या. तो तसाच ठेवला, तर पाण्याचा थेंबही डाग सोडतो, म्हणून संरक्षण हवं. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा आणि १५ मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या. तेलाने छटा बरीच गडद होते, तेव्हा आधी मागच्या बाजूला लावून बघा. पांढऱ्या-निळ्यावर तेल पिवळं दिसतं, तिथे पाण्यात मिसळणारं मॅट पॉलियुरेथेन बरं. मेण शोभेच्या वस्तूला चालेल, टेबलाच्या फळीला नाही.

आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर, एकेरी पसरून, कडक होईपर्यंत वाळवा आणि मगच टाका. नमस्कार.