उतरायचं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागातून मुंबईला जाणारी माणसं बहुतेक कामासाठीच जातात. कुणाची टाटा रुग्णालयात तपासणी असते, कुणाची मंत्रालयात फाइल अडकलेली असते. तिकीट काढून होतं, डबा ठरतो आणि मग घरात प्रश्न येतो, उतरायचं कुठे? आज बोलायचंय ते साध्या, मध्यम दराच्या हॉटेलबद्दल. खोली स्वच्छ असावी, सकाळी गरम पाणी यावं, दाराला आतून नीट कडी असावी आणि काम चालत जाण्याच्या अंतरावर असावं. हे शेवटचं महत्त्वाचं. काम चालत जाण्याच्या अंतरावर असावं.

धर्मशाळा आहेतच की, असं कुणी म्हणेल. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आजही आसरा देते. त्या कामापुढे मी हात जोडते. पण माझं मत असं की, ज्याला हॉटेल परवडतं त्यानं तिथली जागा अडवू नये. ती ज्याला दुसरं दार नाही त्याच्यासाठी मोकळी राहू द्यावी.

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगते. मावशीला टाटात दाखवायचं होतं. तिची पुतणी डोंबिवलीला राहते, फार प्रेमळ मुलगी. पण डोंबिवलीहून परळ म्हणजे सकाळची लोकल, आणि आजारी माणसाला त्या गर्दीत चढवायचं कसं? म्हणून मी भोईवाड्याच्या बाजूला, रुग्णालयाला लागूनच म्हणा ना, एका हॉटेलात खोली घेतली. दुसरा मजला, दोन पलंग, भिंतीला पंखा, खिडकी मागच्या गल्लीत उघडणारी.

पुतणी फोनवर रडायचीच बाकी होती. "काकू मुंबईत येते आणि लॉजवर उतरते? लोक मला काय म्हणतील?" मावशीनं ते ऐकलं आणि तिचा चेहराच पडला. पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली. साडीची घडीसुद्धा बाहेर काढेना. "आपली माणसं असताना असं परक्यासारखं राहायचं म्हणजे..." एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. जेवली पण अर्धंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याच्या पुढच्या सकाळी आठला बोलावलं. दुपारी पाऊस सुरू झाला. जुलैतला मुंबईचा पाऊस. चार वाजेपर्यंत हिंदमाताला पाणी भरलं, शीव-कुर्ल्याला रूळ बुडाले आणि मध्य रेल्वे थांबली. पुतणीचं ऑफिस करी रोडला. संध्याकाळी तिचा फोन आला, "गाड्या बंद आहेत, मी ऑफिसातच बसून आहे."

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "तिथं कशाला बसतीस? इकडं ये. आपली खोली हाय की!"

आपली खोली. श्रोतेहो, आदल्या दिवशी पिशवी न उघडणारी ही बाई. ती उठली, गीझर लावला, स्वतःची कोरडी साडी काढून पलंगावर ठेवली. मला खाली पाठवलं, "एक गादी जास्तीची सांग." काउंटरवरच्या गृहस्थांनी गादीचे पैसे सांगितले आणि म्हणाले, "त्या आल्या की आधार कार्ड दाखवायला सांगा, रजिस्टरात नाव लिहावं लागतं." तेवढंच. आणि वर म्हणाले, "त्यांना म्हणावं हिंदमाताकडून येऊ नका, परळ नाक्यावरून या."

पोरगी गुडघ्यापर्यंत भिजून आली. मावशीनं टॉवेलनं तिचं डोकं पुसलं. चहा मागवला. मग कडक भाकऱ्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली. "लाजू नको, पोटभर खा," असा आग्रह चालला होता. जी काकूला पाहुणी म्हणून नेणार होती, तीच काकूची पाहुणी झाली. ओले कपडे खिडकीच्या गजांवर वाळत पडले आणि दोघी रात्री उशिरापर्यंत गावच्या गोष्टी बोलत राहिल्या. दोन दिवसांत मावशी पहिल्यांदा हसली ती त्या खोलीत.

सकाळी पाऊस होताच. आम्ही छत्री धरून सावकाश चालत निघालो आणि आठच्या आत पोचलो. कल्याण-डोंबिवलीकडून येणारी कितीतरी माणसं त्या दिवशी वाटेतच अडकली होती. तेव्हापासून मावशी त्याच हॉटेलला स्वतः फोन करते आणि सांगते, "मागची खोली द्या, रस्त्याकडची नको."

मागची खोली द्या, हे लक्षात ठेवा. रस्त्याकडच्या खोलीत रात्रभर बसचे ब्रेक ऐकू येतात.

आता वेळेचा हिशेब. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईत सकाळीच पोचते आणि बऱ्याच हॉटेलांचा दिवस दुपारी बारापासून धरतात. सात वाजता खोलीत शिरलात तर पाच तासांसाठी आख्ख्या एका दिवसाचं भाडं लागू शकतं. काही ठिकाणी चोवीस तासांची पद्धत असते. सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. आपल्या रात्रीच्या गाड्यांना हीच सोयीची. म्हणून फोनवर भाव विचारण्याआधी हे विचारा. बारा वाजताची की चोवीस तासांची? जाता जाता एक बोलते. आपल्या रेल्वे आणि एसटी स्थानकांवर बायकांना अंघोळीची स्वच्छ, सुरक्षित सोय असती, तर कित्येकींना एका सकाळसाठी खोली घ्यावीच लागली नसती. ही मागणी आपण जोर लावून का करत नाही, मला कळत नाही.

अंतर मात्र नकाशावर पाहून ठरवू नका. परळ आणि प्रभादेवीमधला एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. नकाशात समोरासमोर दिसणाऱ्या जागेला आता टॅक्सी लांबचा फेरा घेते. तेव्हा हॉटेलवाल्यालाच विचारा, पायी किती मिनिटं लागतात आणि मध्ये रेल्वेचा जिना आहे का. मंत्रालयात किंवा हायकोर्टात काम असेल तर दादरला उतरलात तरी चालेल. भुयारी मेट्रो 3 आता दादरहून हुतात्मा चौक आणि विधान भवनापर्यंत जाते.

नाश्ता हॉटेलात घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. बाहेर गरम पोहे नाहीतर इडली मिळते, पैसे कमी लागतात आणि चार पावलं चालणंही होतं.

बिल मात्र मागून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 ऐवजी 5 टक्के झाला आहे. अडीच हजारांच्या खोलीवर 125 रुपये, 300 नव्हे. जुना आकडा लावला असेल तर शांतपणे दाखवून द्या.

आणि परतीची गाडी रात्रीची असेल तर खोली सोडल्यावर सामान काउंटरपाशी ठेवता येतं का, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा. बहुतेक जण ठेवून घेतात. पैसे, दागिने आणि रुग्णालयाची फाइल तेवढी जवळ बाळगा. फाइल कधीच सामानात ठेवू नका.

नमस्कार.