अवघडलेली

[रात्र. लोखंडी पुलावरून जाणारी गाडी.]

रूझवेल्ट अव्हेन्यू, जॅक्सन हाइट्स. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला हा रस्ता. डोक्यावरून सात नंबरची गाडी गेली की खाली सगळे बोलायचे थांबतात. ती गेल्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू होतं, बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये. कोलंबिया, इक्वाडोर, मेक्सिकोहून आलेली माणसं इथं वर्षानुवर्षं राहतात. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याला वळलं तर आपल्याकडची साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं लागतात. आज आपण तिकडे वळणार नाही. आपल्याला हा जिना चढायचाय.

[वर्ग. हातांचे क्लोज-अप.]

इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग. कुणी भांडी घासून आलंय, कुणी भिंती रंगवून. या नखांवरचा पांढरा रंग अजून ओला आहे.

फळ्यावर शब्द आहे, सोपा. स्पॅनिशमध्ये सोपा म्हणजे सूप. इंग्रजीत सोप म्हणजे साबण. साबणाला स्पॅनिशमध्ये म्हणतात हाबोन, आणि आपला साबण या हाबोनच्याच भाऊबंदांपैकी.

ही वही बघा. तीन रकाने आखलेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात अर्थ, आणि तिसऱ्यात त्याचा उच्चार, स्पॅनिश वळणानं लिहिलेला. आपल्याकडे इंग्रजीच्या पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी लिहिणाऱ्या पोरांना ही वही लगेच ओळखू येईल.

दारावर लाल पाटी आहे, एक्झिट. स्पॅनिशमध्ये एक्सितो म्हणजे यश. आसिस्तिर म्हणजे हजर राहणं, इंग्रजीत असिस्ट म्हणजे मदत करणं. मोलेस्तार म्हणजे नुसता त्रास देणं, पण तोच शब्द इंग्रजीत पोलिसांसमोर उच्चारला तर आरोप थेट लैंगिक अत्याचाराचा होतो.

अशा शब्दांना 'खोटे मित्र' हे नाव 1928 मध्ये दोन फ्रेंच अभ्यासकांनी दिलं. आपल्यालाही ते भेटतात. मराठीतली शिक्षा हिंदीत गेली की शिक्षण होते.

या लोकांचं इंग्रजी कच्चं म्हणून ते चुकतात, असं म्हणणं मला मान्य नाही. स्पॅनिश पक्कं आहे म्हणून ते चुकतात. हॉस्पिटल, अॅनिमल, डॉक्टर हे शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखेच लिहितात. लॅटिनमधून आलेले असे हजारो शब्द दोन्हीकडे आहेत. शंभर वेळा ज्या रस्त्यानं नीट घरी पोचलो, त्या रस्त्यावर एकशे एकाव्या वेळी संशय कोण घेईल?

[खिडकीजवळची बाई. वही. तिचा हात पोटावर.]

ही बाई लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. दिवसभर उभ्यानं. पाचवा महिना आहे. मुकादमाला तिनं इंग्रजीत सांगितलं, "आय ॲम एम्बॅरॅस्ड." तिला म्हणायचं होतं, मला दिवस गेलेत. स्पॅनिशमध्ये गरोदर बाई म्हणजे एम्बारासादा. मुकादमानं ऐकलं, मला लाज वाटतेय. तो म्हणाला, काही हरकत नाही, आणि निघून गेला.

आता या शब्दाची गोष्ट ऐका, कारण तिची चूक वाटते तेवढी चूक नाहीच. इंग्रजीतला एम्बॅरॅस फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचांनी तो घेतला स्पॅनिशमधून. म्हणजे जो शब्द तिला परका झाला, तो मुळात तिच्याच भाषेतून गेलेला. जुना अर्थ होता अडवणं, पायात गुंता होणं. अभ्यासक त्याचा माग आणखी मागे, पोर्तुगीजपर्यंत नेतात. तिथं बरासु म्हणजे दोर. ज्याच्या पायात दोर अडकला, त्याला मोकळं चालता येत नाही. स्पॅनिशमध्ये हे अडणं बाईच्या देहाशी जोडलं गेलं. इंग्रजीत ते मनाशी जोडलं गेलं, चारचौघांत ओशाळणाऱ्या माणसाच्या मनाशी.

आणि मराठीत? चारचौघांत आपल्याला अवघडल्यासारखं होतं. पोटुशी बाई दिवस भरत आले की अवघडलेली असते. दोन्हीकडे शब्द एकच. ती मराठीत बोलली असती तर मुकादमाला निदान दोन अर्थ ऐकू आले असते.

[हॉटेलचं स्वयंपाकघर. वाफ. तव्यावरचा मासा.]

वर्गात न मिळणारं इंग्रजी इथं आहे. "एटी-सिक्स सॅमन!" म्हणजे सॅमन संपला, आता ऑर्डर घेऊ नका. शहाऐंशीच का, याच्या कथा पुष्कळ आहेत, खात्रीची एकही नाही. "इन द वीड्स" म्हणजे ऑर्डरी इतक्या तुंबल्यात की नाकातोंडात पाणी गेलंय. "ऑन द फ्लाय" म्हणजे आत्ताच्या आत्ता दे. हा तरुण स्वयंपाकी सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताटात माशी पडली समजून त्यानं अख्खं ताट फेकलं. त्या रात्रीची त्याची मजुरी कापली गेली.

वाक्प्रचारांचं मात्र वर्गात फारसं अडत नाही. इंग्रजीत पाऊस मांजरं-कुत्री पडतो म्हटल्यावर सगळे हसले, मग एकानं सांगितलं, आमच्याकडे घागरींनी पडतो. मी म्हटलं, आमच्याकडे मुसळांच्या धारेनं. वाक्प्रचार विचित्र दिसतो, म्हणून माणूस थांबून विचारतो. खोटा मित्र ओळखीचा दिसतो, म्हणून कुणी विचारतच नाही.

[रस्ता. रुग्णवाहिकेचे दिवे.]

1980 साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणलं. क्यूबन घरच्यांनी इन्तोक्सिकादो हा शब्द वापरला, म्हणजे खाण्यापिण्यातलं काही बाधलंय. डॉक्टरांनी इंग्रजीतला इन्टॉक्सिकेटेड ऐकला आणि अमली पदार्थांवरचे उपचार सुरू केले. मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले.

[वर्ग. शेवटची दहा मिनिटं.]

बाईंनी सगळ्यांना एकेक वाक्य लिहायला सांगितलंय, उद्या कामावर बोलायचं असेल ते. पुलावरून गाडी येतेय. सगळे थांबलेत, लिहिणारे हात तेवढे चालू आहेत.

लाँड्रीतल्या बाईनं एक शब्द खोडला. परत लिहिला. गाडी गेल्यावर ती उभी राहून वाचते:

"आय ॲम प्रेग्नंट. आय नीड अ चेअर."