कोषातून चिपवर

(दृश्य: उकळत्या पाण्यात वरखाली होणारे रेशीमकोष)

तुतीच्या पानांवर वाढलेल्या किड्याचे हे कोष. बीड-जालन्याकडच्या शेतकऱ्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. मात्र हे रेशीम मागावर जाणार नाही. जाणार आहे सिलिकॉनच्या चकतीवर.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कोष अर्धा तास उकळले, की धाग्यांना चिकटवणारा डिंक, सेरिसिन, सुटतो. उरतं फायब्रोइन हे प्रथिन. ते लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवायचं, मग दोन-तीन दिवस डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून, क्षार काढायचा. हाती येतं पातळ रेशीम.

(दृश्य: गरगर फिरणारी चकती, तिच्यावर पडणारा थेंब)

चिपवर नॅनोमीटरच्या मापाची नक्षी कोरताना एरवी इथे पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचा थर देतात. त्यावर इलेक्ट्रॉनच्या झोताने रेघा ओढायच्या, मिथिल आयसोब्युटिल कीटोनने त्या उघड्या करायच्या, शेवटी ॲसिटोनने प्लास्टिक काढायचं. दोन्ही द्रावकं झटकन पेट घेणारी, डोळ्यांना झोंबणारी. वापरून झाली की घातक कचरा.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात फिओरेन्झो ओमेनेत्तो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्लास्टिकच्या जागी रेशीम वापरलं, आणि नक्षी धुतली निव्वळ पाण्याने. ‘सगळं काही पाण्यावर’ असं या पद्धतीचं वर्णन त्यांनी केलं. गंमत म्हणजे हे रेशीम सुलट-उलट दोन्ही चालतं. पाण्यात विरघळणारा थर घ्या: झोत पडेल ती जागा पक्की होते, बाकीचं वाहून जातं. थर आधीच स्फटिकरूप करून न विरघळणारा केला, तर झोताखाली प्रथिनाच्या साखळ्या तुटतात आणि तेवढाच भाग पाण्यात जातो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रांची जाळी)

‘सगळं काही पाण्यावर’ हा हिशेब रेशमाच्या द्रावणापासून सुरू होतो, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. त्याआधीचं लिथियम ब्रोमाइड त्यात धरलेलं नाही. शिवाय इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ठिपका करत, निर्वात पेटीत चालतो. या वेगाने मोबाइलच्या लाखो चिपा काढणं अवघडच.

मग रेशीम कुठे कामाचं? ॲसिटोनमध्ये प्रथिनांचा निभाव लागणं कठीण. पाण्यात ती टिकतात. म्हणून या संशोधकांनी रेशमातच हिरवं चमकणारं प्रथिन मिसळलं, हॉर्सरॅडिश या तिखट मुळाच्या वनस्पतीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मिसळलं, आणि त्यातूनच जाळी कोरली. रक्तातला एखादा रेणू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी असाच पदार्थ लागतो, ज्यात नक्षीही आहे आणि काम करणारं विकरही.