बाबासाहेबांचा सूट

1928 च्या जानेवारी महिन्यात मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त इंदूर भागातील एक बातमी छापून आली. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतील सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीच्या लोकांना बजावले होते की, गावात राहायचे असेल तर काही अटी पाळाव्या लागतील. पहिली अट अशी की, बलाई पुरुषाने जरीकाठी पागोटे बांधू नये. दुसरी अशी की, त्याने रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत आणि उंची झगे किंवा जाकिटे वापरू नयेत, हेही पुढे बजावलेले होते. मोबदल्याशिवाय सेवा करण्याची आणि मयताचा सांगावा पोहोचवण्याची अट याच यादीत आहे, परंतु यादीची सुरुवात कपड्यांपासून होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला कायमचे खाली ठेवायचे आहे तो आधी नीटनेटका दिसता कामा नये, हे त्या गावकऱ्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. बलाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरू देणे आणि गुरे चारू देणे बंद झाले.

1936 मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण लिहिले, आणि जे अखेर झालेच नाही, त्यात त्यांनी ही अटींची यादी सविस्तर उद्धृत केली आहे. तीन तुकड्यांचा सूट, टाय आणि खिशाला पेन, या रूपात आज महाराष्ट्राच्या गावोगावी दिसणाऱ्या या माणसाच्या पोशाखाकडे पाहताना ही यादी समोर ठेवावी लागते. चांगले कपडे घालण्याचे मोल काय, हा प्रश्न एरवी आवडीनिवडीचा किंवा फार तर शिष्टाचाराचा वाटतो. ज्यांना ते घालण्याची मनाई होती त्यांच्या बाजूने तो विचारला की त्याचे वजनच बदलते.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींत कपड्यांचा पहिला ठळक प्रसंग 1901 चा आहे. वडील रामजी सुभेदार नोकरीनिमित्त दूर होते आणि त्यांनी मुलांना उन्हाळ्यात आपल्याकडे बोलावले होते. आगगाडीचा पहिलाच प्रवास, म्हणून साताऱ्यात जय्यत तयारी झाली: विलायती कापडाचे नवे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर या मुलांना न्यायला कोणी आलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, कारण कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ही मुले ब्राह्मणांची असावीत, असे त्याने धरून चालले होते. आपण महार आहोत, असे त्यांनी सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो तसाच आत निघून गेला. त्यानंतर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, अशी तोड निघाली. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण सहज म्हणून जातो, पण मसूरच्या फलाटावर ते दहाही नूर एका शब्दासरशी उतरले.

या प्रसंगातून एखाद्याने असा निष्कर्ष काढला असता की कपडे निरुपयोगी आहेत. पुढच्या आयुष्यात बाबासाहेबांनी तो काढलेला दिसत नाही, आणि या लेखाचा सगळा रोख हे दाखवण्याकडेच आहे.

1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून 1916 मध्ये लंडनला. या काळात त्यांनी जेवणाला कात्री लावून पुस्तके घेतल्याचे सर्वश्रुत आहे. त्या वर्षांच्या छायाचित्रांतला तरुण मात्र कॉलर, टाय आणि कोट अशा व्यवस्थित पोशाखात दिसतो. काटकसर आणि टापटीप यांचे वैर असते, हा समज खाऊनपिऊन सुखी घरांतला आहे. हातात मोजके पैसे असलेला माणूस एकच कोट घेतो, तो चांगला घेतो आणि जपून वापरतो.

1917 मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून मुक्काम केला. माडीवरच्या त्या इमारतीत दुसरा पाहुणाच नव्हता. अकराव्या दिवशी सकाळी जेवण उरकून, कपडे करून, कचेरीला जाण्यासाठी ते खोलीबाहेर पडणार इतक्यात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले आणि धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांना जाब विचारू लागले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. शहरात दुसरीकडे आसरा न मिळाल्याने बडोद्याच्या बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. अंगावर कचेरीचा पोशाख, पदरी परदेशी विद्यापीठाचा अभ्यास आणि संस्थानची नेमणूक, एवढे सगळे असूनही हे घडले.

मसूर आणि बडोदे या दोन्ही ठिकाणी कपड्यांनी एकच काम केले होते: ओळख काही काळ झाकली होती. मसूरला ते नकळत घडले, बडोद्याला नाइलाजाने. यानंतर मात्र बाबासाहेबांच्या पोशाखाचा हेतू पालटलेला दिसतो. 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत परतल्यावर उच्च न्यायालयात, विधिमंडळात आणि परिषदांच्या व्यासपीठांवर त्यांनी जो सूट घातला तो स्वतःच्या नावानिशी आणि जात जगजाहीर असताना घातला. झाकण्यासारखे काही उरले नव्हते, आणि समोरच्याला ‘हा कोणीतरी दुसरा असेल’ अशी पळवाटही उरली नव्हती. मला विचाराल तर त्या सुटाची खरी किंमत इथे आहे.

ही गोष्ट त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर त्यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत पाहताच जात ओळखू येते ती सोडून द्या, गळ्यात आणि कोपरापर्यंत हातांत घातलेल्या चांदीच्या किंवा कथलाच्या दागिन्यांचे ओझे टाकून द्या, कपडा फाटका आणि ठिगळांचा असला तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, आणि काय नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला देऊ नका, असा त्या भाषणाचा आशय होता. परिषदेचा मांडव उतरण्याआधीच अनेक जणींनी लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. ठिगळाचा उल्लेख येथे फार महत्त्वाचा आहे, कारण महाग कपडे घ्या, असे बाबासाहेब सांगत नव्हते. पैसा कोणाकडेच नव्हता. परीटघडीचे कपडे ज्यांना परवडत नाहीत त्यांच्याही हातात पाणी, साबण आणि सुईदोरा एवढे तर असते, तेथून सुरुवात करा, असे ते म्हणत होते.

या ठिकाणी गांधीजींच्या पोशाखाचा विषय टाळता येत नाही. 1888 मध्ये लंडनला शिकायला गेलेल्या तरुण गांधींनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवून घेतला होता आणि एकोणीस शिलिंगांची उंच टोपी विकत घेतली होती. हे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पुढे 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला आणि 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी बकिंगहॅम राजवाड्यातही ते त्याच वेशात गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटात होते. गरिबांशी एकरूप होण्यासाठी गांधीजींनी कपडे उतरवले, या त्यागाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ज्याच्याकडे आहे त्यालाच सोडता येते. ज्या समाजाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या चिंध्याच होत्या, त्याच्या प्रतिनिधीने पंचा नेसून जाणे हे जगाने त्याच्यासाठी आधीच ठरवून दिलेल्या जागी जाऊन बसण्यासारखे झाले असते. बाबासाहेबांवर साहेबी थाटाची टीका करणाऱ्यांच्या ध्यानात हा फरक क्वचितच येतो. शिवाय सूट हा काही त्यांचा गणवेश नव्हता. घरी ते लुंगी आणि सैल सदरा वापरीत, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. कोणत्या प्रसंगी काय घालायचे हे त्यांचे ते ठरवीत होते.

आता थोडे खुद्द सुटाविषयी. चांगला सूट दुरून ओळखू येतो तो खांद्यावरून. छाती, कंबर, बाहीची लांबी हे सगळे शिंप्याला नंतर दुरुस्त करता येते, पण खांदा चुकला की कोट उसवून पुन्हा नव्याने बांधावा लागतो, आणि त्यापेक्षा नवा शिवलेला बरा, असे कोणताही जाणता शिंपी सांगेल. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, बाहेरून न दिसणारा, कॅनव्हासचा एक थर असतो. जुन्या पद्धतीत तो घोड्याचे केस आणि लोकर यांपासून विणलेला असे आणि कॉलरच्या दुमडीला बारीक तिरक्या टाक्यांनी हाताने टाचला जाई. या टाक्यांमुळे दुमड सपाट पडत नाही, छातीवर गोलसर वळते. स्वस्तातल्या तयार कोटात हा थर गरम इस्त्रीने चिकटवलेला असतो; काही वर्षांत तो सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे कापड फुगते. पहिल्या ट्रायलला कोट पांढऱ्या कच्च्या धाग्यावर उभा असतो. शिंपी खडूने खुणा करतो, मुंढ्यापाशी टाचण्या लावतो, हात वर करायला सांगतो, खाली बसायला लावतो, आणि मग तुमच्यादेखत बाही ओढून वेगळी करतो. शिवणीच्या आत त्याने भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असली की तो कोट शरीराबरोबर दहा-पंधरा वर्षे सैल किंवा घट्ट करता येतो. लग्नाच्या आहेरात आलेले आणि कपाटात घडी मोडायची वाट पाहणारे सूटपीस आपल्याकडे घरोघरी असतात. त्यांतला एखादा अशा हाताखाली गेला तर तो आयुष्यभर कामाला येतो.

बाबासाहेबांचे कोट आणि इतर वापराच्या वस्तू नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात आणि पुण्याच्या सिम्बायोसिसच्या स्मारक संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. पुतळ्यांतील निळा रंग मात्र त्या कोटांपेक्षा झेंड्यावरून आला, असे मानणे अधिक योग्य ठरेल. 1942 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि बाबासाहेबांची त्या काळातील छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. 2 एप्रिल 1967 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी संसद भवनाच्या आवारात अनावरण केलेला, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांचा पुतळा ब्राँझचा आहे. गावागावांतील सिमेंटच्या पुतळ्यांना मात्र लोकांनी आपल्या हाताने निळा कोट चढवला. कारागीर नवखा असला तर चेहरा कधीकधी साधत नाही, पण कोटाची दुमड, टायची गाठ आणि खिशातले पेन यांत सहसा कुचराई होत नाही, आणि लोक पुतळा ओळखतात तो त्यावरूनच.

नीटनेटके दिसण्याबद्दलचा राग अजून संपलेला नाही. 2023 मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. अशा बातम्या वाचल्यावर, कपड्यांत काय ठेवले आहे, असे म्हणण्याचा धीर निदान मला तरी होत नाही.

दरवर्षी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींतील मुलेमुली परदेशी विद्यापीठांत दाखल होतात. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात 1995 पासून बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे आणि न्यूयॉर्कला पोहोचलेले विद्यार्थी त्याच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र घरी पाठवतात. त्यासाठी सूट शिवायचाच असेल तर तो गडद निळा किंवा करडा घ्यावा, म्हणजे मुलाखतीला, पदवीदानाला आणि परतल्यावर घरच्या लग्नालाही तोच चालतो. शिवायला किमान महिनाभर आधी टाकावा, ट्रायलला जाताना जे बूट आणि जो शर्ट घालायचा तोच घालून जावे, आणि बाहीखाली शर्टाचा कफ बोटभर दिसतो आहे की नाही हे आरशात पाहून मगच शिंप्याला होकार द्यावा.